म्युनिक ते वाशिम, व्हाया मालाड

एका कंपनीने भिंतींवर चित्रं रंगवून घेतली, दुसरीने रिळं फिरवली. दोघींनी बुद्धाची गोष्ट सांगितली. आणि दोघींचं पुढे काय झालं, ते वाचून आपल्यासारख्या पगारदारांना थोडं टेन्शन यायला हवं!

ऑफिसात सहज विचारून बघा, ‘वाशिमला गेलायस कधी?’ पहिलं उत्तर हमखास येतं, ‘हो, सेक्टर सतराला माझी मावशी राहते ना!’ अहो, वाशी नाही, वाशिम! अकोल्याच्या दक्षिणेला, हिंगोलीच्या अलीकडे, विदर्भाच्या पार कडेला असलेला जिल्हा. १ जुलै १९९८ ला तो अकोल्यातून वेगळा झाला, म्हणजे वयाने आपल्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा लहान. गंमत म्हणजे इंग्रजांच्या काळात ‘बासिम’ या नावाने तो एकदा जिल्हा होऊन गेला होता आणि १९०५ मध्ये अकोल्यात विलीनही झाला होता. थोडक्यात काय, तर मर्जर आणि डीमर्जर हे शब्द एमबीएच्या पुस्तकात यायच्या आधीच वाशिमकरांनी अनुभवले होते.

मी तिथे गेले ती मात्र एका फिल्म कंपनीच्या नादात. तीही चक्क म्युनिकच्या. गेले काही महिने मी मालाडच्या बॉम्बे टॉकीजबद्दल मिळेल ते वाचत होते. वाचता वाचता लक्षात आलं, की या स्टुडिओची मुळं जर्मनीतल्या ‘एमेल्का’ नावाच्या कंपनीपर्यंत जातात. आणि एमेल्काने भारतात येऊन पहिला पिक्चर काढला तो गौतम बुद्धावर. हे सगळं मी एका मित्राला फोनवर उत्साहाने सांगत होते. मूळचा वाशिमचा, पुण्याच्या आयटी कंपनीत नोकरी, सध्या घरूनच काम. त्याने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, ‘तुह्या त्या जर्मन कंपनीच्या दीड हजार वर्षं आधी आमच्या गावानं हाच पिक्चर काढला होता. ये एकदा पाहाले.’

आता एवढं ऐकल्यावर न जाऊन कसं चालेल?

घाट चढून वर

अमरावती एक्स्प्रेसने पहाटे अकोला, तिथून एसटी. नोव्हेंबर होता, सोयाबीन निघून गेलं होतं, तुरी फुलावर होत्या. पातूर मागे पडलं की रस्ता घाटाला लागतो आणि खिडकीतली हवा एकदम बदलते. वऱ्हाडात या दोन पातळ्यांना जुनी नावं आहेत. खालचा तो पायनघाट, वरचा तो बालाघाट. हा वरचा भाग म्हणजे अजिंठ्याच्या डोंगररांगेचाच पूर्वेकडे पसरलेला पट्टा. लेणी इथून सुमारे २०० किलोमीटरवर आहेत, पण डोंगर एकच. पुढे मला हे फार उपयोगी पडलं.

शेजारच्या सीटवरच्या मावशींनी मालेगाव येईपर्यंत माझी पूर्ण मुलाखत घेतली. (हे मालेगाव नाशिकचं नव्हे, वाशिम जिल्ह्यातलं.) कोण, कुठली, लग्न झालं का, कोणाच्या घरी चाललीस. मी म्हटलं, गाव बघायला आलेय. त्यांना हसू आवरेना. ‘आमच्या वाशिमात काय हाये वं पाहाले? देवदर्शन कर अन् जाय.’

देवदर्शन झालंच. बालाजीचं मंदिर अठराव्या शतकातलं, नागपूरकर साबाजी भोसल्यांचे दिवाण भवानी काळू यांनी बांधलेलं. ऐसपैस आवार, जवळच तळं. मग पद्मतीर्थ, म्हणजे गावातलं जुनं कुंड, आणि काठावर निवांत बसलेली म्हातारी मंडळी. वत्स ऋषींच्या नावावरून गावाला वत्सगुल्म म्हणत, अशी इथली कथा. मी मित्राला म्हटलं, ‘हे सगळं छान आहे, पण तुमचा पिक्चर कुठाय?’ तो म्हणाला, ‘पिक्चर अजिंठ्याले. इथं हेड ऑफिस होतं.’

वत्सगुल्म प्रॉडक्शन्स

शाळेत आपण वाकाटक हे नाव पाठ केलं आणि परीक्षेनंतर सोडून दिलं. तर उजळणी. वाकाटक घराण्याच्या दोन मोठ्या शाखा. एक नागपूर-रामटेकच्या बाजूला नंदिवर्धनची, दुसरी वत्सगुल्मची, म्हणजे आजच्या वाशिमची. या शाखेचा मूळ पुरुष सर्वसेन. राजा तर होताच, शिवाय प्राकृतात ‘हरिविजय’ नावाचं काव्य लिहिणारा कवीही होता. याच घराण्यात पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात हरिषेण गादीवर आला आणि दख्खनमधला बलाढ्य राजा ठरला.

आता अजिंठ्याकडे वळू. १६ क्रमांकाच्या लेण्यात एक शिलालेख आहे. हे लेणं कुणी करवून घेतलं ते त्यात लिहिलंय: वराहदेव, हरिषेणाचा मंत्री. म्हणजे काम डोंगरात चाललं होतं आणि त्यामागचा पैसा, वजन आणि मर्जी वाशिमच्या दरबारातून येत होती. आजच्या भाषेत हरिषेण हा स्टुडिओचा मालक आणि वराहदेव निर्माता. चित्रं काढणाऱ्यांची नावं मात्र शिलालेखात नाहीत. टायटल्समध्ये आधी निर्मात्याचं नाव येतं, ही परंपरा फार जुनी दिसते!

या १६ व्या लेण्यात नंदाची गोष्ट रंगवली आहे. बुद्धाचा सावत्र भाऊ नंद भिक्षू होतो आणि त्याचा मुकुट घरी परत येतो. तो बघून त्याची बायको सुंदरी कोसळते. मान कललेली, डोळे मिटत आलेले, भोवती घाबरलेल्या दासी. ‘मरणासन्न राजकन्या’ या नावाने ते चित्र जगभर छापलं गेलंय. संवाद नाही, पार्श्वसंगीत नाही, आणि तरी तिचं काय झालंय ते लांबून कळतं. मूकपटाचा क्लोज-अप आणखी वेगळा काय असतो?

अमेरिकन अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांनी अजिंठ्यावर आयुष्य घातलं. त्यांचं म्हणणं असं, की अजिंठ्याचा दुसरा, मोठा बहर शतकानुशतकं रेंगाळलेला नाही. तो हरिषेणाच्या काळात, जेमतेम वीस-एक वर्षांत उभा राहिला आणि राजा गेल्याबरोबर काम जवळपास थांबलं. इतकी काटेकोर कालगणना सगळ्या अभ्यासकांना मान्य नाही. पण अर्धवट सोडलेली लेणी तिथे आहेत, ती कुणीही बघू शकतं. छिन्नी जिथे थांबली तिथे दगड तसाच आहे. सोमवारी सकाळी ऑफिसात यावं आणि गेटवर नोटीस लावलेली असावी, तसं.

म्युनिकचा फिरता तंबू

आता दीड हजार वर्षांची उडी. म्युनिकमधले ऑस्टरमायर बंधू, पीटर आणि फ्रान्झ. वडील फोटोग्राफर. १९०७ मध्ये या दोघांनी फिरता सिनेमा सुरू केला. जत्रेतल्या तंबूत पांढऱ्या पडद्यावर पिक्चर बघितलेल्या आपल्याकडच्या आधीच्या पिढीला हा धंदा समजावून सांगायला नको. पीटर हा त्यातला धंदेवाईक डोक्याचा. पहिलं महायुद्ध संपलं आणि १९१९ मध्ये त्याने गावाबाहेर गाइझेलगास्टाइग इथे स्टुडिओ उभारला. कंपनीचं लांबलचक जर्मन नाव ‘म्युन्शनर लिश्टश्पीलकुन्स्ट’. त्याची आद्याक्षरं एम, एल, के. जर्मन उच्चारात एम-एल-का, म्हणून एमेल्का.

तिकडे बर्लिनमध्ये १९१७ पासून ‘उफा’ नावाचा हत्ती बसला होता. त्याच्यासमोर टिकायचं तर वेगळं काहीतरी द्यायला हवं, बाहेरच्या लोकांबरोबर भागीदारी करायला हवी. अल्फ्रेड हिचकॉकचा दिग्दर्शक म्हणून पहिला पूर्ण चित्रपट ‘द प्लेझर गार्डन’ याच एमेल्काच्या स्टुडिओत झाला, १९२५ मध्ये. आणि त्याच सुमाराला एक बंगाली तरुण या कंपनीच्या दारात येऊन उभा राहिला होता. हिमांशू राय. लंडनला कायदा शिकायला गेलेला आणि नाटकात रमलेला. सोबत लेखक निरंजन पाल, म्हणजे लाल-बाल-पाल मधल्या बिपिनचंद्र पालांचा मुलगा.

रायचं प्रपोजल आजही कुठल्याही को-प्रॉडक्शनच्या मीटिंगमध्ये चालेल असं होतं. दिग्दर्शक, कॅमेरामन आणि यंत्रसामग्री म्युनिकची. गोष्ट, नट, लोकेशन आणि पैसा भारताचा. पैशाची बाजू दिल्लीच्या ग्रेट ईस्टर्न फिल्म कॉर्पोरेशनने सांभाळायची, युरोपातलं वितरण एमेल्काने. विषय एडविन अर्नॉल्डच्या ‘लाइट ऑफ एशिया’ या काव्यावरचा, म्हणजे गौतम बुद्धाचं आयुष्य. फ्रान्झ ऑस्टरमायर, जो आता फ्रान्झ ऑस्टन हे नाव लावत होता, १९२५ मध्ये टीम घेऊन मुंबई बंदरात उतरला. जयपूरच्या महाराजांची मदत मिळाली, खरे हत्ती आणि खरे महाल मिळाले. बुद्धाची भूमिका खुद्द हिमांशू रायने केली.

‘प्रेम संन्यास’ उर्फ ‘द लाइट ऑफ एशिया’ युरोपात गाजला. लंडनमध्ये तो बरेच महिने चालला, विंडसर कॅसलमध्ये राजघराण्यासाठी खास खेळ झाला. भारतात मात्र तो फारसा चालला नाही. मग आले ‘शिराझ’ (१९२८) आणि ‘अ थ्रो ऑफ डाइस’ (१९२९). त्यात तर बर्लिनची उफाही भागीदार झाली.

मालाडला जॉइन व्हा

तेवढ्यात सिनेमा बोलायला लागला, जगभर मंदी आली आणि जर्मनीत हिटलर आला. रायने हिशेब बदलला. म्युनिकला जाऊन काम करण्यापेक्षा म्युनिकच इथे का आणू नये? १९३४ मध्ये मालाडला बॉम्बे टॉकीज लिमिटेड उभी राहिली. २५ लाख रुपये भांडवलाची, शेअर्स असलेली, मुंबईतली बडी मंडळी संचालक म्हणून घेतलेली रीतसर कंपनी. त्या काळी फिल्म कंपनी म्हणजे एक शेठ, एक तिजोरी आणि बाकी सगळं तोंडी, असा मामला असायचा. त्यात हे नवीनच होतं.

म्युनिकहून ऑस्टन पुन्हा आला. कॅमेऱ्यामागे जोसेफ विर्शिंग, सेटसाठी कार्ल फॉन श्प्रेटी, लॅबमध्ये विल्हेल्म झोले, आवाजासाठी इंग्रज लेन हार्टली. त्यांच्या हाताखाली शिकायला इथली शिकलेली मुलं. राय मुद्दाम पदवीधर घ्यायचा, म्हणजे आपलं कॅम्पस रिक्रूटमेंटच! महिन्याला पगार, लेखी करार, आणि कँटीन सगळ्यांना एकच. जातीवरून पंक्ती वेगळ्या असायच्या त्या काळात ही शेवटची गोष्ट साधी नव्हती. हिरॉइन अर्थातच देविका राणी, मालकीणबाई. संगीत सरस्वती देवींचं, म्हणजे खोर्शेद होमजी नावाच्या पारशी बाईंचं. पहिला पिक्चर ‘जवानी की हवा’, १९३५.

आणि मग ती प्रसिद्ध भानगड. ‘जीवन नैया’च्या वेळी देविका राणी हिरोबरोबर, नजमुल हसनबरोबर, पळून गेली. तिची समजूत काढून तिला परत आणलं गेलं, हिरोची नोकरी गेली. आता नवा हिरो कोण? लॅबमध्ये काम करणारा एक लाजाळू मुलगा रायने उचलला. कुमुदलाल गांगुली, म्हणजे अशोक कुमार. याचा जबडा फार रुंद आहे, हा हिरो होणार नाही, असं ऑस्टनचं मत होतं म्हणे. १९३६ मध्ये ‘जीवन नैया’ आला आणि त्याच वर्षी ‘अछूत कन्या’. ब्राह्मण मुलगा आणि दलित मुलगी यांच्या प्रेमाची ती गोष्ट देशभर बघितली गेली.

मित्राने इथे मला थांबवलं. आम्ही वाशिमच्या रेल्वे स्टेशनवर चहा पीत होतो. ‘अशोक कुमार कुठला?’ मी म्हटलं, खांडव्याचा. त्याने रुळांकडे बोट दाखवलं. ‘ही लाइन कुठं जायची माहीत हाये? पूर्णा, हिंगोली, वाशिम, अकोला अन् पुढं थेट खांडवा. लहानपणी मीटर गेज होती.’ २००८ मध्ये अकोला ते पूर्णा ब्रॉड गेज झालं आणि मेळघाटातून खांडव्याला जाणारी जुनी छोटी गाडी पुढे बंद झाली. पण अशोक कुमार, मागून आलेला किशोर कुमार, हे या अर्थाने शेजारच्या गावचेच!

सिनेमाच्या धंद्यातला नकाशा तर हे नातं कधी विसरलाच नाही. पिक्चर विकताना देशाचे जे भाग पाडतात, त्यातल्या एका टेरिटरीचं नाव अजूनही ‘सीपी-बेरार’ आहे. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस आणि वऱ्हाड. तो प्रांत कधीच गेला, १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. तरी भुसावळ-अमरावतीच्या वितरकांच्या तोंडी सीपी-बेरार कायम राहिलं. प्रांत संपला तरी धंद्याची वही चालू राहते, हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

१९३९

ही तारीख मला या प्रवासात दोनदा भेटली. सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं. मालाडला ‘कंगन’चं काम चालू होतं. अशोक कुमारसमोर आपली लीला चिटणीस. इंग्रज सरकारच्या लेखी जर्मन म्हणजे शत्रू. ऑस्टन, विर्शिंग आणि बाकीच्या जर्मनांना स्थानबद्ध केलं गेलं. स्टुडिओचा कणाच एका झटक्यात काढून घेतल्यासारखं झालं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. ऑस्टन १९३६ मध्ये नाझी पक्षाचा सभासद झाला होता. ज्या वर्षी त्याने ‘अछूत कन्या’ केला, त्याच वर्षी. अस्पृश्यतेविरुद्धचा पिक्चर करणारा माणूस वंशश्रेष्ठत्वाच्या पक्षाचं कार्ड खिशात बाळगून होता. त्याच्या मनात काय होतं, हा अंदाज बांधण्यात अर्थ नाही. पण कंपनीचं काम आणि काम करणाऱ्याची निष्ठा यांचा मेळ बसेलच असं नाही, एवढं त्यातून नक्की दिसतं. वय झाल्यामुळे ऑस्टनला सोडलं, तो १९४० मध्ये जर्मनीला परतला. पुन्हा म्युनिकच्याच स्टुडिओत काम केलं, १९५६ मध्ये वारला. विर्शिंगची युद्धाची वर्षं छावण्यांत गेली. तो मात्र नंतर भारतातच राहिला.

आणि वाशिम? त्याच १९३९ मध्ये वाशिमला एक ताम्रपट उजेडात आला. विंध्यशक्ती दुसरा याने दिलेलं जमिनीचं दानपत्र, थोडं संस्कृतात, बरंचसं प्राकृतात. य. खु. देशपांडे आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तो वाचून प्रसिद्ध केला आणि तेव्हा कुठे वत्सगुल्मची ही स्वतंत्र शाखा होती, हे ठामपणे कळलं. तोवर जगाला अजिंठा माहीत होता, पण हेड ऑफिसचा पत्ता धूसर होता. मालाडची एक कंपनी खिळखिळी होत होती त्याच वर्षी वाशिमच्या जुन्या कंपनीचं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट सापडलं म्हणा ना!

साहेब गेल्यावर

१६ मे १९४० ला हिमांशू राय गेला. त्यानंतरची गोष्ट प्रत्येक ऑफिसात कधी ना कधी घडते. खुर्ची कुणाची? देविका राणीच्या हाती सूत्रं आली. दुसरीकडे शशधर मुखर्जी, अशोक कुमार आणि मंडळी. दोन गट, दोन टीम. आळीपाळीने पिक्चर. धंदा वाईट होता असंही नाही. १९४३ चा ‘किस्मत’ कलकत्त्याच्या रॉक्सी थिएटरला तीन वर्षांहून जास्त चालला. पण त्याच वर्षी मुखर्जींचा गट बाहेर पडला आणि गोरेगावला फिल्मिस्तान काढून बसला. देविका राणीने दिलीप कुमारला ‘ज्वार भाटा’मधून (१९४४) आणलं आणि १९४५ मध्ये चित्रकार स्वेतोस्लाव रोरिकशी लग्न करून सिनेमा सोडला. पुढे अशोक कुमार आणि सावक वाच्छा यांनी कंपनी हातात घेतली. ‘झिद्दी’ (१९४८) आला, ‘महल’ (१९४९) तर तुफान चालला. ‘महल’चा कॅमेरा विर्शिंगचा. तरी गाडं रुळावर आलं नाही.

१९५४ चा ‘बादबान’ हा शेवट. तो कामगारांच्या सहकारी सोसायटीने काढला. कंपनी बुडत असताना तिथल्या माणसांनी एकत्र येऊन अजून एक पिक्चर उभा केला. मला या सगळ्या कथेत हाच भाग सर्वांत जवळचा वाटतो. मी पूर्वी ज्या ऑफिसात होते ते एका महिन्याच्या नोटिसीवर बंद झालं. आम्ही सगळ्यांनी आयकार्डाचे फोटो काढले, केक कापला आणि घरी गेलो. ‘चला, एक शेवटचा अंक आपण काढू’ हे कुणालाही सुचलं नव्हतं.

आता पुन्हा वाशिम. हरिषेणानंतर काय झालं त्याचा तपशील शिलालेखांत नाही. पण दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त एक गोष्ट येते. विदर्भाचा चांगला राजा पुण्यवर्मा मरतो, मुलगा अनंतवर्मा गादीवर येतो. म्हातारा मंत्री त्याला सांगतो, राजनीती शीक. एक खुशमस्कऱ्या सांगतो, कशाला डोकं शिणवता, मजा करा. मुलगा दुसऱ्याचं ऐकतो. पुढे शेजारचा राजा डाव टाकतो आणि राज्य जातं. या कथेत वाकाटकांच्या शेवटाची आठवण दडली आहे, असं मिराशींनी मांडलं आणि स्पिंक यांनीही ते उचललं. खरंखोटं त्यातलं काहीही असो, हा सीन आपण सगळ्यांनी कॉन्फरन्स रूममध्ये पाहिलेला आहे!

आणि म्युनिकचं? तिथे तर एमेल्का १९३२ मध्येच बुडाली होती. पण गाइझेलगास्टाइगचा स्टुडिओ तसाच राहिला. त्याच वर्षी तिच्या जागी बाव्हारिया फिल्म उभी राहिली. ती पुढे नाझी सरकारच्या ताब्यात गेली, १९५६ मध्ये पुन्हा खासगी झाली, टीव्हीचं युग आल्यावर टीव्हीत शिरली. १९८१ चा ‘दास बूट’ तिथलाच. पाणबुडीतला तो घामट, कोंदट पिक्चर. एकाच फिरत्या सिनेमापासून निघालेली गोष्ट. एका टोकाला आजही शूटिंग चालतं आणि दुसऱ्या टोकाला, मालाडला, फक्त पत्ता उरलाय.

तो पत्ता मी बघून आलेय. मालाड पश्चिमेला बॉम्बे टॉकीज कंपाउंड असं अजूनही म्हणतात. आत छोटे छोटे कारखाने, गाळे, टेम्पो, यंत्रांची घरघर. रिक्षावाल्याला नाव सांगितलं तर तो बरोबर सोडतो. का असं नाव, हे तो विचारत नाही.

उरतं काय?

संध्याकाळी मित्राच्या घरी जेवण. रोडगे, वांग्याची भाजी, घट्ट वरण आणि तुपाची धार. ‘घे वं बाई, मुंबईत काय भेटत असंल तुले,’ म्हणत काकूंनी चौथा रोडगा वाढला. मी मित्राला विचारलं, कंपनीने परत पुण्याला बोलावलं तर जाशील? त्याने खांदे उडवले. ‘कंपनी आज हाये, उद्या नाही. शिकलो ते माह्यापाशी राहीन.’

त्याच्या बोलण्यात मला मालाड दिसलं. विर्शिंगच्या हाताखाली जे तयार झाले ते बॉम्बे टॉकीजबरोबर संपले नाहीत. ते फिल्मिस्तानला गेले, इतरत्र गेले, पुढची दोन दशकं हिंदी सिनेमा त्या हातांनी केला. स्वतः विर्शिंग १९६७ मध्ये मुंबईत वारला तेव्हा ‘पाकीझा’चं काम त्याच्या हातून चालू होतं, तो पडद्यावर आला १९७२ मध्ये. त्याने काढलेले सेटवरचे हजारो फोटो घरच्यांनी जपले. २०१७ मध्ये गोव्यातल्या सेरेंडिपिटी महोत्सवात त्यांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा बॉम्बे टॉकीज पुन्हा लोकांना दिसली. कंपनीने स्वतःचं काही जपलं नाही, तिच्या एका नोकराने जपलं. वाशिमचंही तेच. वाकाटकांचा म्हणून दाखवावा असा वाडा गावात नाही. राहिली ती लेण्यातली चित्रं आणि जमिनीच्या व्यवहाराचा एक तांब्याचा कागद.

म्हणून आपल्यासारख्यांनी यातून एक साधी गोष्ट उचलावी असं मला वाटतं. कंपनीवर जीव लावा, का नाही लावायचा? पण शिकलेलं दुसऱ्याला शिकवा आणि केलेल्या कामाची नोंद स्वतःकडे ठेवा. अजिंठ्याच्या चित्रकारांना ती संधी मिळाली नाही. आपल्याकडे निदान पेन ड्राइव्ह आहे.

जाता जाता, दहाव्या शतकाच्या आसपासचा कवी राजशेखर ‘काव्यमीमांसे’त एक लग्न लावतो. नवरा काव्यपुरुष, नवरी साहित्यविद्या. देशभर फिरून झाल्यावर हे लग्न कुठे लागतं माहितेय? विदर्भात, वत्सगुल्मला! राजधानी जाऊन कैक शतकं झाली होती, तरी राजशेखराला लग्नासाठी हेच गाव सुचलं. तेव्हा पुढच्या वेळी कुणी म्हणालं ‘वाशिम? हार्बर लाइन?’ तर त्याला एवढं तरी सांगाच.

जायचंय?

कसं जाल: मुंबई-पुण्याहून रेल्वेने अकोला, तिथून पातूर-मालेगावमार्गे एसटी, सुमारे ८० किलोमीटर. अकोला-पूर्णा मार्गावर वाशिम स्टेशनही आहे. गाडी असेल तर समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो, मालेगाव किंवा शेलू बाजारला उतरा.

काय बघाल: बालाजी मंदिर, पद्मतीर्थ. कारंजा लाड इथे नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान आणि जुनी जैन मंदिरं. त्याच बाजूला कारंजा-सोहोळ अभयारण्यात काळविटं. शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथ, बंजारा समाजाची काशी मानली जाणारी पोहरादेवी. एक दिवस जास्त असेल तर शेजारच्या बुलढाण्यातलं लोणार.

काय खाल: रोडगे, झुणका-भाकर, पातोडीचा रस्सा. तिखट कमी सांगा, तरी ते तिखटच येईल.

कधी जाल: पावसाळा संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंत. एप्रिल-मेमध्ये वऱ्हाडातलं ऊन म्हणजे काय, हे कळून घ्यायची हौस असेल तर तुमची मर्जी!

आणि हो, परतीच्या वाटेवर अजिंठ्याला थांबा. १६ नंबरच्या लेण्यात वराहदेवाचा लेख शोधा आणि सोबतच्यांना सांगा, हा माणूस वाशिमचा.